नऊ चाळण्यांचा संच की सुट्या तीन? रीडी क्रीकवरचं एक प्रकरण

हौशी सोनेशोधात नवा माणूस आला की पॅन (माल धुवायची पसरट थाळी) आणि फावड्यानंतर त्याचा तिसरा प्रश्न चाळण्यांचा असतो: कोणत्या घ्यायच्या आणि किती? बहुतेक वेळा उत्तर दुकानदारच देतो आणि माणूस नऊ चाळण्यांचा चकचकीत संच घेऊन घरी येतो. त्यातल्या पाच तरी गॅरेजमध्ये धूळ खात पडतात. खाली लिहिलेल्या प्रकरणात गृहस्थ दुकानात जाण्याआधी हिशोबाला बसले, आणि तो हिशोब इतरांच्याही उपयोगाचा आहे असं मला वाटतं.

ठिकाण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा ईशान्य कोपरा. बीचवर्थ या जुन्या खाणगावाजवळून रीडी क्रीक नावाचा ओढा एल्डोराडो गावाकडे उतरतो. १८५२ मध्ये या भागात सोनं सापडलं आणि वूलशेड खोऱ्यात माणसांची रीघ लागली. पुढे एल्डोराडोला तरंगता ड्रेजर आला. १९३६ ते १९५४ या काळात त्याने ओढ्याचा तळ उपसून सुमारे ७० हजार औंस सोनं आणि हजार टनांवर कथिलाचं खनिज काढलं. तो अवाढव्य सांगाडा अजून त्याच डबक्यात उभा आहे. कथिलाचा हा उल्लेख लक्षात ठेवा, कारण पुढच्या घोळाचा एक भाग त्याच्यामुळेच झाला.

आता गृहस्थांविषयी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उमेदीची वर्षं माती-वाळूच्या प्रयोगशाळेत गेलेली. मुलगी आणि जावई वँगारॅटाला असतात, त्यांच्याकडे मुक्कामाला आले होते. जावयाला सोनं शोधायचा नाद. त्याच्याकडे एक प्लॅस्टिकचं पॅन, एक अर्धा इंची चाळणी, २० लिटरच्या बादल्या आणि ॲल्युमिनियमचा छोटा स्लूस, म्हणजे तळाला आडव्या पट्ट्या असलेलं पन्हळ, एवढंच सामान होतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर ‘मायनर्स राइट’ काढून घेतलं. १८५४ च्या युरेका उठावानंतर, १८५५ मध्ये जाचक मासिक परवान्याच्या जागी आलेला हा परवाना आजही चालतो. मुदत दहा वर्षं, आणि पाहुण्यालाही मिळतो. हातची अवजारं आणि चाळणी चालते, यंत्राने खोदाई चालत नाही. ओढ्याचा काठ खणायचा नाही, खड्डा बुजवूनच निघायचं. रीडी क्रीकचा काही भाग संरक्षित उद्यानात येतो, तिथले नियम वेगळे आहेत. त्यामुळे ही मंडळी नकाशा पाहून हद्दीबाहेरच काम करायची.

तक्रार अशी होती की बादल्यांमागून बादल्या धुतल्या तरी हाती येतात ते चार-सहा ठिपके. जावयाचं ठाम मत होतं की चाळण्या कमी पडतात. त्याने नऊंचा संच हेरूनही ठेवला होता: अर्धा इंची, पाव इंची, आणि मग ८, १२, २०, ३०, ५०, ७०, १०० नंबरच्या जाळ्या. मी याच भागात बरीच वर्षं हे करते म्हणून माझं मत विचारायला दोघं आले. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, “अगं, गळती शोधायची तं आधी टाकलेला माल पाहावा लागते. चाळणीचं मग पाहू.”

टाकाऊ मालाची झडती

पुढच्या खेपेला त्यांनी टाकायच्या मालाचे तीन ढीग वेगळे ठेवायला लावले. अर्धा इंची चाळणीवर राहिलेला, स्लूसच्या शेपटाकडून वाहून गेलेला आणि शेवटी पॅनमधून बाहेर टाकलेला. प्रत्येक ढीग पुन्हा सावकाश धुतला. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे सुचणं स्वाभाविक आहे, पण आमच्यासारख्या हौशींपैकी किती जण हे करतात? मी तरी फार थोडे पाहिलेत.

स्लूसच्या शेपटात जवळजवळ काही नव्हतं. अर्धा इंचीवरच्या ढिगात मात्र गोट्यांबरोबर चिकणमातीचे गोळे होते. ओढ्याच्या त्या टप्प्यात खडीखाली घट्ट पिवळसर माती लागते आणि जड माल तिच्यावर येऊन थांबतो. फावडं मारलं की मातीचे ढेकळं खडीबरोबर वर येतात. काकांनी त्यातला सुपारीएवढा एक गोळा पॅनमधल्या पाण्यात धरून बोटांनी चुरला. पाणी पिवळं झालं. ते ओतल्यावर थोडी रेती उरली, आणि पॅन तिरपं करून हलवल्यावर रेतीच्या मागे सोन्याचे दोन कण चिकटलेले दिसले. जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण असे गोळे तो कायम गोट्यांबरोबर फेकून देत आला होता.

पॅनमधून टाकलेल्या ढिगातली गळती वेगळ्या जातीची निघाली. त्यात काळी रेती होती आणि तिच्यात मिठाच्या कणाहून बारीक सोनं. म्हणजे पॅन फिरवणाऱ्याला ते सोनं काळ्या रेतीपासून सुटं करता येत नव्हतं, म्हणून दोन्ही सोबत बाहेर जात होतं.

पहिली गळती कोणत्याही नव्या चाळणीने थांबली नसती. तिचा उपाय म्हणजे माल बादलीत पाणी घालून भिजू देणं, हाताने किंवा लाकडी दांड्याने घुसळणं, गढूळ पाणी ओढ्यापासून लांब जमिनीवर ओतणं, आणि गोळे विरघळेपर्यंत हेच परत करणं. त्यानंतर चाळणी टबातल्या पाण्यात अर्धी बुडवून गोल फिरवायची. पुष्कळ लोक चाळणीत माल भरतात आणि वरून तांब्याने पाणी ओततात. त्याने माती धुतल्यासारखी दिसते, पण गोळ्याचा फक्त वरचा थर जातो. बुडवून चाळलं की गोळे एकमेकांवर आणि खड्यांवर घासून फुटतात. एवढ्यानेच गळतीचा मोठा भाग थांबला. माझ्या मते चिकणमाती असलेल्या कुठल्याही ठिकाणी हे काम आधी, चाळणीची खरेदी नंतर.

नंबर आणि खरं भोक

दुसऱ्या गळतीसाठी चाळण्यांचा विचार करणं भाग होतं. इथे काकांना मेशचा नंबर खटकला. आपल्याकडे भारतीय मानकाच्या चाळण्या भोकाच्या मापाने ओळखल्या जातात: ४.७५ मिमी, २.३६ मिमी, १.१८ मिमी, मग ६०० मायक्रॉन, ३००, १५०. सोनेशोधाच्या दुकानात मात्र एका इंचात किती भोकं, तो नंबर. २० नंबर म्हणजे इंचात २० भोकं, म्हणजे एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत १.२७ मिमी. त्यातून तारेची जाडी वजा केल्यावर खरं भोक कळतं. प्रमाणित चाळणीत ते ०.८५ मिमी येतं. तार बारीक वापरली तर भोक मोठं होतं आणि नंबर तोच राहतो. त्यामुळे एका कंपनीची २० आणि दुसऱ्या कंपनीची २० यांच्यात फरक पडतो. काका दुकानात व्हर्नियर कॅलिपर घेऊनच गेले. अर्धा, पाव आणि ८ नंबरची भोकं तिथल्या तिथे मोजली. बारीक जाळ्यांसाठी जाळीवर पट्टी ठेवून, मोबाइलने जवळून फोटो काढून, सेंटिमीटरमधली भोकं मोजली.

प्रमाणित मापं अशी धरायची: ८ नंबर २.३६ मिमी, १२ नंबर १.७, २० नंबर ०.८५, ३० नंबर ०.६, ४० नंबर ०.४२५, ५० नंबर ०.३, ७० नंबर ०.२१, १०० नंबर ०.१५ मिमी. स्वयंपाकघरातल्या चाळण्यांचा अंदाज असलेल्याला २० नंबरमधून जाड रवा पडेल एवढं डोळ्यांपुढे आणता येईल.

दोन चाळण्यांतलं अंतर

चाळून घेतल्याने धुणं सोपं का होतं? पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या वजनदारपणावर अवलंबून असतं, तसंच आकारावरही. शुद्ध सोन्याची घनता १९.३, गारेच्या (क्वार्ट्झच्या) रेतीची २.६५. पाण्याची घनता १, ती दोन्हींतून वजा केली तर १८.३ आणि १.६५, म्हणजे ११ पट. मोठ्या खड्यांच्या बाबतीत याचा अर्थ असा की १ मिमीचा सोन्याचा कण आणि ११ मिमीचा गारेचा खडा जवळपास एकाच वेगाने बसतील. अगदी बारीक कणांच्या बाबतीत पाण्याचा चिकटपणा जास्त जाणवतो आणि ही पट ११ च्या वर्गमुळावर येते, साधारण ३.३. मधल्या आकारांना मधली किंमत.

यातून चाळण्या निवडायचा नियम निघतो. वरच्या आणि खालच्या चाळणीच्या भोकांचं गुणोत्तर त्या पटीच्या आत असेल, तर त्या पट्ट्यातला, म्हणजे त्या दोन चाळण्यांमध्ये राहिलेल्या मालातला, सगळ्यात बारीक सोन्याचा कणही सगळ्यात मोठ्या रेतीच्या कणाआधी तळाला जाईल. गुणोत्तर त्याहून मोठं असेल तर रेतीचे जाडे कण बारीक सोन्याच्या आधी बसतील आणि पॅन फिरवताना सोनं वर राहून निसटेल. सोन्याचे कण सहसा चपटे असतात, त्यामुळे ते गोल कणाइतक्या वेगाने बसत नाहीत. म्हणून या आकड्यांच्या अलीकडेच थांबायचं. (चपटे कण पाण्यावर तरंगूही लागतात. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडतात.)

जाड मालात अंतर ऐसपैस चालतं आणि बारकात ते आवळावं लागतं, एवढा यातला व्यवहार. दुकानाचा संच या कसोटीवर पाहिला की गंमत कळते. ८ आणि १२ मध्ये जेमतेम १.४ पट अंतर आहे, तिथे एवढ्या बारकाईची काही गरज नाही. ३० आणि ५० मध्ये मात्र २ पट. “हे लोक अंतर पाहून नाही, नऊचा आकडा पाहून संच बनवून राहिले,” काकांचा शेरा.

कथिल

गारेपुरतं बोलायचं तर ८, २०, ५० एवढ्या तीन जाळ्यांत काम भागतं. प्रत्येक टप्प्यात २.८ पट, म्हणजे ३.३ च्या आत. मीही बाकीच्या ओढ्यांसाठी लोकांना हेच सांगते.

रीडी क्रीकमध्ये गारेशी झगडा नाहीच. ती पहिल्या चार हिसक्यांत निघून जाते. उरते ती काळी रेती. इतर अनेक ठिकाणी काळ्या रेतीत मॅग्नेटाइट भरपूर असतं आणि पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं की पुष्कळशी उचलली जाते. बीचवर्थच्या ग्रॅनाइटमधून वाहून आलेल्या या रेतीत मोठा वाटा कॅसिटराइटचा, म्हणजे कथिलाच्या खनिजाचा आहे. जोडीला झिर्कॉन आणि गार्नेट. कॅसिटराइट चुंबकाला दाद देत नाही आणि त्याची घनता ७ च्या आसपास. जावयाने चुंबक घेऊन बघितलं होतं. थोडी काळी पूड चिकटली आणि बहुतेक रेती जागच्या जागी राहिली.

आता तोच हिशोब कथिलाशी मांडायचा. १८.३ भागिले ६, म्हणजे सुमारे ३ पट. बारीक कणांना वर्गमुळाने १.७५. त्या दरम्यानच्या आकारांना, म्हणजे अर्ध्या मिमीच्या आसपास, २ च्या थोडं वर. २० ते ५० हे २.८ पटीचं अंतर इथे साफ नापास होतं. पॅनमधून सोनं काळ्या रेतीबरोबर का जात होतं ते इथे उलगडलं. हात चुकत नव्हता, पट्टा फार रुंद होता.

तो पट्टा मध्ये कुठेतरी तोडायला हवा. दुकानात ३० नंबर मिळते. तिने ०.८५ ते ०.६ आणि ०.६ ते ०.३ असे तुकडे पडतात, म्हणजे वर १.४ पट आणि खाली २ पट. रुंद तुकडा बारीक बाजूला गेला, नेमका नको तिथे. ४० नंबरने तोडलं तर वर २ पट, खाली १.४ पट. रुंद तुकडा जाड बाजूला, जिथे तो खपतो. म्हणून काकांना ४० हवी होती आणि ती संचात नव्हती.

पण ४० म्हणजे ४२५ मायक्रॉन, आणि ४२५ मायक्रॉनची चाळणी काकांनी हयातभर हाताळलेली. मातीची द्रवमर्यादा (किती पाण्याने माती पातळ होते ते) काढायला याच चाळणीतून पडलेली माती घेतात. मुलीच्या सासूबाई महिन्याभरात भारतातून येणार होत्या. “वहिनी, सामानात एक पितळी चाळणी बसते का बघा,” असा फोन गेला आणि २०० मिमी व्यासाची नवीकोरी चाळणी लोणच्याच्या जागी बसून वँगारॅटाला पोचली. नवी घ्या हे काकांनी बजावून सांगितलं होतं. वापरलेल्या चाळणीत माती अडकलेली असली तर ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर ती पुढे येणं कठीण.

शेवटी काय घेतलं

अर्धा इंची घरात होती. दुकानातून ८, २० आणि ५० सुट्या घेतल्या. ४० नागपूरची. पाव इंची घेतली नाही, कारण अर्धा इंची ते ८ हे पाचेक पटींचं अंतर जाड मालात चालून जातं आणि ८ च्या वर राहिलेला माल तसाही डोळ्यांनीच तपासायचा असतो. हा निर्णय रीडी क्रीकपुरता. बॅलरॅट-बेंडिगो-डनोलीच्या परिसरात, जिथे १८६९ मध्ये मोलियागलला ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा ७० किलोंच्या घरातला गोळा सापडला, तिथे मोठा माल नुसता नजरेखालून घालून फेकायचा धीर मला होणार नाही. मेटल डिटेक्टरखालून फिरवीनच.

ओढ्यावर फक्त अर्धा इंची आणि ८ जातात. ८ मधून पडलेला मालच स्लूसमध्ये. याचा एक फायदा काकांनाही अपेक्षित नव्हता. पूर्वी १२ मिमीचे खडे ढकलायला स्लूसला पाण्याचा जोर ठेवावा लागायचा. आता २ मिमीची रेती वाहून नेण्यापुरतं पाणी पुरतं, आणि हळू पाण्यात बारीक सोनं पट्ट्यांमागे टिकतं.

२०, ४० आणि ५० घरी, अंगणात. ओल्या रेतीने बारीक जाळी लगेच बुजते, म्हणून माल उन्हात खडखडीत वाळवून चाळायचा. वाऱ्याला पाठ करून आणि मास्क लावून, कारण गारेची धूळ फुप्फुसाला वाईट. प्रत्येक पट्टा वेगळ्या डबीत आणि वेगवेगळा धुवायचा, एकत्र कधीच नाही. ८ ते २० चा पट्टा कथिलाच्या हिशोबात बसत नाही, पण त्यात सोन्याचे कण डोळ्यांना दिसतात, चिमट्याने उचलता येतात. त्याच पट्ट्यात शिकाऱ्यांचे शिशाचे छर्रेही सापडतात. शिसं ११ च्या वर घनतेचं, ते सोन्याशेजारीच बसतं. चंदेरी दिसणारा कण मिळाला तर तो तापवायचा नाही. जुन्या खाणवाल्यांनी पारा सढळ हाताने वापरलेला आहे, आणि पारा चढलेलं सोनं असंच दिसतं.

चाळणीच्या बांधणीबद्दल काका फार आग्रही होते. स्वस्त प्लॅस्टिकच्या चाळणीत जाळी कड्याच्या खाचेत नुसती दाबून बसवलेली असते. दुकानातल्या ५० नंबरच्या खाचेतून त्यांनी सुई फिरवली तर ती सहज आत शिरली. बारीक सोन्याला तेवढी फट पुरते. तिथे त्यांनी सिलिकॉनची बारीक रेघ ओढून ती बुजवली. पितळी चाळणीत त्या सांध्याला डाख दिलेला असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. मात्र अडकलेले कण टाचणीने काढायची पाळी आली तर हात आवरायचा, भोकं मोठी होतात. मऊ ब्रश, तोही जाळीच्या खालच्या बाजूने.

नंतर टाकाऊ मालाची झडती परत घेतली. अर्धा इंचीवरच्या ढिगात गोळे उरले नव्हते. पॅनच्या ढिगात सोनं अजून दिसलं, पण शोधून काढावं लागलं. आणि ते ५० च्या खालच्या पट्ट्यातलं होतं, ज्याला खालून चाळणीच नाही. जावई लगेच ७० आणि १०० कडे वळला. मी त्याला थांबवलं. तेवढ्या बारीक जाळीतून माल काढायला तासन्‌तास लागतात आणि ०.२ मिमीखालचं सोनं पॅनने धुणं हे वेगळंच कसब आहे. तो माल एका झाकणाच्या डब्यात साठतोय. पुरेसा झाला की माझ्या घरच्या लहान, संथ पाण्याच्या स्लूसवरून एकदाच काढू.

एकूण सोनं किती मिळालं? एक लहान काचेची कुपी, तिच्या तळाचा घेरही भरलेला नाही. पेट्रोलचा खर्चही त्यातून निघणार नाही आणि तो निघावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. काका म्हणतात, आमच्याकडे हेच काम पोटासाठी करणारे लोक होते. जुन्या मध्य प्रांतात बालाघाट आणि चांदा भागात नदीची वाळू धुऊन सोनं काढणारा सोनझारी समाज होता, त्यांना हे चाळण्यांचे लाड परवडले नसते.

राहता राहिला तो अर्धा इंची आणि ८ यांच्यामधला माल, जो सगळे जण ओढ्यातच ओतून मोकळे होतात. रीडी क्रीकच्या खडीत झिर्कॉन, पुष्कराज आणि क्वचित नीलमही असतात, बहुतेक याच मापाचे. काकांच्या नातवाने ८ नंबरची चाळणी पाण्यात बुडवून वर-खाली हिसके द्यायला सुरुवात केली आहे. जड खडे मधोमध तळाशी जमतात, मग चाळणी गोणपाटावर झटकन उलटी केली की ते वर येतात. मध्यभागी काळ्या कथिलाच्या खड्यांचा डाग दिसला की त्याच्या आजूबाजूला झिर्कॉन शोधायचे. या कामाला ८ नंबरचं भोक ठीक आहे, पण चाळणी उथळ हवी. बादलीवर बसणारी खोल चाळणी उलटताना माल विस्कटतो. त्यामुळे पुढची खरेदी ठरली आहे: तीन मिलिमीटर भोकाची, रुंद आणि उथळ कड्याची एक चाळणी. तीही सुटीच.